‘आवर’ म्हणजे काय काय?

एकतीस वर्षं मी बसस्टँडवर गाड्या सोडल्या. चालवल्या नाहीत, सोडल्या. हा फरक आमच्या पाहुण्यांना शेवटपर्यंत कळला नाही. लग्नाच्या मांडवात कुणीतरी ओळख करून द्यायचं, "हे आमचे दाजी, स्टँडवर असतात." समोरचा लगेच विचारायचा, "कोणत्या रूटला?" मी सांगायचो, कोणत्याच नाही, मी वाहतूक नियंत्रक आहे. त्यावर तो "अच्छा, अच्छा" म्हणून जिलेबीकडं वळायचा.

म्हणून आधी काम काय ते सांगतो. स्टँडच्या मधोमध काचेची एक खोली असते. तिच्या खिडकीपुढं कायम माणसं असतात, आणि आत बसलेल्या माणसाचा चेहरा कुणालाच आठवत नाही. तो मी. गाडी आली की कंडक्टर कागद घेऊन खिडकीशी येतो. मी वेळ लिहितो, सही करतो, गाडी कोणत्या फलाटावर उभी करायची ते सांगतो, माईकवरून पुकारतो आणि वेळ झाली की सोडतो. वाटेत एखादी बंद पडली तर तिच्या जागी दुसरी काढायची. ड्रायव्हर आला नाही तर घरी निघालेल्या दुसऱ्या ड्रायव्हरची मनधरणी करायची. पाचोडच्या बाजाराच्या दिवशी गर्दीच्या शिव्या खायच्या. मधल्या वेळात मी वाचायचो. दोन गाड्यांच्या मधल्या सात-आठ मिनिटांत किती वाचून होतं, हे टेबलाच्या खणात पुस्तक ठेवून नोकरी केलेल्यालाच माहीत.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "काका, स्टँडवरच्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, दोन लिहितो. पण स्टँडवर मी जे शिकलो त्याचा खरा उपयोग स्टँडवर झाला नाही. तो घरी झाला, उशिरा झाला, आणि करायला लावला माझ्या बायकोनं. संगीता गेल्या जानेवारीत गेली. म्हणून हे लिहायला मला वेळ लागतो आहे. रोज एक परिच्छेद होतो, कधी तोही होत नाही.

पहिली गंमत नोकरीच्या पहिल्याच वर्षातली. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी खिडकीशी आली.

"पाचोडची गाडी कव्हा हाय रं बाबा?"

"लागली, आजी. गाडी लागली."

"कुणाला?"

"पाचोडची गाडी हो. लागली ना आत्ता."

"आरं, मला कशी लागंल? आजून बसलेच नाय मी. आन् मला लागत बी नाय गाडी. सुनंला लागती."

मागची रांग हसून लोटपोट. आमच्या खात्याच्या बोलीत गाडी फलाटावर येऊन उभी राहिली की ती ‘लागली’. म्हातारीच्या बोलीत गाडी लागणं म्हणजे ओकाऱ्या होणं. दोन्ही मराठीच, आणि खरं तर तिचीच जास्त चालणारी. या गोंधळात तिची गाडी निघून गेली. ती मात्र चिडली नाही. खिडकीखाली फतकल मारून बसली आणि दुसरी गाडी येईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "ह्ये साहेब म्हणतेत, मला गाडी लागली!"

त्या दिवसापासून मी तो शब्द टाकला. ‘उभी आहे’ म्हणू लागलो. आणखी एक शिकलो. सगळा रस्ता एकदम सांगायचा नाही. "सरळ जा, पाणपोईपासून डावीकडं, तिसरी गाडी, खिडकीला पाटी" असं म्हटलं की माणूस पहिला तुकडा धरतो आणि पुढच्यात हरवतो. त्यापेक्षा, "आजी, ती निळी टाकी दिसते? तिच्यापाशी जा. एवढंच." टाकीपाशी कुणी ना कुणी पुढचं सांगतंच. आता शहराच्या नावाची पाटी बदलली आहे. म्हाताऱ्यांच्या तोंडातलं नाव अजून बदललं नाही. दोन्ही नावांनी विचारणाऱ्याला गाडी एकच दाखवायची असते, आणि ती दाखवताना वाद घालायचा नसतो.

दुसरी गंमत लासूर स्टेशनच्या एका निवृत्त गुरुजींची. ते डोळे दाखवायला शहरात यायचे आणि परतताना बाकावर पेपर वाचत बसायचे. एकदा त्यांची गाडी मी तीनदा पुकारली. गाडी गेली. गुरुजींनी सावकाश पेपरची घडी घातली आणि खिडकीशी आले.

"आमची गाडी?"

"गेली, गुरुजी. तीनदा पुकारली."

"ऐकलं मी."

"मग उठला का नाहीत?"

"तुम्ही मला कुठं सांगितलं? माईकवर सगळ्यांना सांगितलं. वर्गात मी तीस वर्षं हेच केलं हो. ‘मुलांनो, वह्या काढा.’ मागच्या बाकावरच्याला वाटतं, हे पुढच्यांना चाललंय."

पुढच्या खेपेला मी खोलीतून उठून गेलो, त्यांच्या पेपरच्या कडेला बोट लावलं आणि म्हणालो, "गुरुजी, गाडी." ते उठले आणि गेले. पुढं किती तरी वर्षं मी असा खोलीबाहेर यायचो. आंधळ्या माणसाकडं, तान्हं मूल घेतलेल्या बाईकडं, भांबावलेल्या पोराटोरांकडं. ड्रायव्हर चेष्टा करायचे, "साहेब, आता गाडीत बसून गावापर्यंत सोडून या." स्टँडवर माझं नाव होतं. हा माणूस चिडत नाही, दहादा विचारलं तरी दहादा सांगतो.

हेच नाव घरी विचारलं असतं तर माझ्या मुलीनं वेगळं सांगितलं असतं.

प्रज्ञा आमची एकुलती एक. हुशार होती, पण तिचं काही म्हणता काही पुरं व्हायचं नाही. दात घासायला गेली की भिंतीवरची पाल कुठं जाते ते बघत उभी. ब्रश तोंडात, फेस गळ्यावर. वहीवर तारीख लिहायची, तारखेतल्या शून्याला डोळे काढायची, मग केस, मग कानातले. धडा तसाच. एक मोजा घालायचा आणि दुसरा हातात घेऊन बसायची. विचारलं की दचकायची, "हां, घालतेच." दहा मिनिटांनी मोजा हातातच. खोड्या नाहीत, उलट उत्तर नाही. नुसती कुठंतरी असायची.

मी दाढी करता करता ओरडायचो, "प्रज्ञे, आवर!" मग चहा पिताना, "आवर लवकर!" मग बूट घालताना, "अजून आवरलं नाही का तुझं?" खाली रिक्षावाला हॉर्न वाजवायचा. इब्राहीमभाई त्याचं नाव, शाळेची सात पोरं एका रिक्षात न्यायचा. एकदा तो जिन्यावरूनच म्हणाला, "साब, दुनिया की गाड़ियाँ टाइम पे छोड़ते तुम, मेरीच रोज लेट कराते!" खालची पोरं हसली. मला ते लागलं, आणि म्हातारीच्या अर्थानं नव्हे.

आमच्या घरात शिक्षण ही ऐच्छिक गोष्ट नव्हती. माझे वडील गाव सोडून या शहरात हमालीला आले ते आम्ही शिकावं म्हणून. धर्मांतरानंतरच्या त्या पिढीनं अर्धपोटी राहून पोरं शाळेत घातली. मी पदवीधर झालो तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. मुलीचं नाव प्रज्ञा ठेवलं ते उगीच नाही. त्यामुळं ती मागं पडायला लागली तेव्हा मला ती एकटी मागं पडतेय असं वाटेना. वडिलांनी वाहिलेली सगळी पोती डोळ्यांपुढं यायची.

ती पाचवीत असताना शाळेत पालकांची सभा होती. प्रज्ञा माझं बोट धरून उभी. वर्गशिक्षिकाबाईंनी वह्या पुढं टाकल्या आणि हसत म्हणाल्या, "नाव प्रज्ञा, पण बाईसाहेब उतरल्यात कुठल्या स्टेशनला, कुणास ठाऊक!" मी स्टँडवरचा माणूस, कोटी माझ्यासाठीच केलेली. मी हसलो. मोठ्यानं हसलो. प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं आणि बोट सोडलं. नुसतं सोडलं, ओढून नाही. हा लेख ती वाचणार आहे, म्हणून इथं लिहून ठेवतो: ते हसणं चूक होतं. मला ते तेव्हाही कळलं होतं.

सहावीच्या सुरुवातीला मी ठरवलं की तिला पाचोडला ठेवायचं. तिथं संगीताचा धाकटा भाऊ रावसाहेब राहतो. त्याच्या घराजवळच शाळा, रिक्षा नाही, हॉर्न नाही. मी संगीताला सांगितलं, "तिथं घाई नसते. तिला तेच मानवेल." हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं मी बोललो नाही. मला रोज सकाळी हरायचा कंटाळा आला होता.

संगीता घरी ब्लाऊज शिवायची. बोलणं कमी, हात भरभर. तिनं मशीन थांबवली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही ठरवलंय तर तुम्हीच सांगा तिला."

रविवारी संध्याकाळी मी सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, दारात उभं राहून म्हणालो, "उद्या पाचोडला जायचंय मामाकडं. आवरून ठेव."

"शाळा?"

"बघू."

आणि मी भाजी आणायला निघून गेलो. किती दिवस, कशासाठी, कोण कोण, यातलं काही मी बोललो नाही. बोलायची हिंमत नव्हती.

सोमवारी माझी दुपारची पाळी होती. नवाच्या गाडीनं तिला पोचवून परत यायचं असा बेत. आठ वाजता बघतो तर ती खाली बसलेली, पुढं मोठी बॅग. मी चेन उघडली. वर माझा खाकी शर्ट, घडी वाकडीतिकडी. त्याखाली संगीताची दोन पातळं. मग संगीताचा कंगवा, माझी दाढीची पेटी. मग मी वाचत असलेलं पुस्तक, मी खूण म्हणून घातलेली चिठ्ठी त्याच पानात, जराही न हललेली. आणि तिच्या स्वतःच्या कपड्यांपैकी एक मोजा.

"हे काय?"

"आवरलं."

"माझा शर्ट कशाला घेतलास?"

"तिथं लागेल ना तुम्हाला."

"मी कुठं येतोय?"

ती बघत राहिली. एखाद्याला चुकीच्या गाडीतून अर्ध्या वाटेत उतरवल्यावर तो जसा बघतो तशी. मग म्हणाली, "कुणाकुणाचं आवरायचं ते तुम्ही सांगितलंच नाही. मला वाटलं, आपण चाललोय."

मी शर्ट काढून बाजूला ठेवला. मग तिनं विचारलं, आणि हा प्रश्न तिनं बहुतेक खूप दिवस धरून ठेवला होता.

"पप्पा, ‘आवर’ म्हणजे काय काय असतं? तुम्ही रोज म्हणता. मी रोज काहीतरी करून बघते. कधी बरोबर येतं, कधी नाही येत."

मी स्वयंपाकघरात गेलो. संगीता कणीक मळत होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं मान वर केली नाही.

"तुमची पाचोडची म्हातारी मला तोंडपाठ आहे," ती म्हणाली. "शंभरदा सांगितलीत. तिला निळी टाकी दाखवता, एक एक सांगता. ही पोरगी रोज सकाळी तुमच्या खिडकीशी येते. तिला तुम्ही ‘लागली’ म्हणता आणि वर विचारता, अजून बसली कशी नाहीस."

एकतीस वर्षांत माझ्या कामाची एवढी नेमकी तपासणी कुणी साहेबानं केली नाही.

मी रावसाहेबाला फोन केला. "येत नाही."

"का ओ दाजी? आत्ताच तर हिनं खोली झाडून ठिवली."

"चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"सांगायचं चुकलं," मी म्हणालो. त्याला त्यातलं काहीच कळलं नसणार.

पण फोन ठेवून प्रश्न सुटला नव्हता. शाळेनं सहामाहीपर्यंत सुधारणा दाखवा असं लिहून दिलं होतं, नाहीतर दाखला घेऊन जा. संगीतानं अट घातली: महिनाभर या घरात ‘आवर’ म्हणायचं नाही, जो म्हणेल त्यानं रात्रीची भांडी घासायची. पहिल्या आठवड्यात मी रोज भांडी घासली. एकदा तर मी कपबशीलाच म्हणालो, "आवर बाई," आणि प्रज्ञा आतून ओरडली, "पप्पा! भांडी!"

शब्द तोंडात येऊन अडायचा तेव्हा कळायचं की त्याच्या पोटात किती कामं कोंबली आहेत. सकाळी सहाला ‘आवर’ म्हणजे ऊठ. साडेसहाला म्हणजे आंघोळ कर. सातला म्हणजे दप्तर भर, त्यात डबा, पाण्याची बाटली आणि आज चित्रकला असेल तर रंग. संध्याकाळी म्हणजे पसारा उचल. पाहुण्यांपुढं म्हणजे गप्प बस. सगळ्यांना हे आपोआप उमगतं, माझ्या मुलीला उमगत नव्हतं, एवढाच तिचा गुन्हा. शब्द बंद झाल्यावर मला प्रत्येक वेळी उठून तिच्यापर्यंत जावं लागलं आणि एकच गोष्ट सांगावी लागली. "वेणी." वेणी झाली की, "डबा." स्टँडवर मला हे येत होतं. घरात ते करायला लाज वाटत होती. वाटायचं, परक्या माणसाला समजत नाही ते ठीक, आपल्या पोरीला न सांगता कळलं पाहिजे.

अभ्यासाच्या टेबलावरचं सगळं काढून टाकलं. एका फलाटावर एकच गाडी. ही कल्पना माझी, पण तिनं ती माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतली. "पप्पा, फलाट एकवर गणिताची वही उभी आहे." मी विचारायचो, "सुटायची वेळ?" "पाच गणितं झाली की." वही सुटली की ती स्वतःच पुकारायची, एवढ्या मोठ्यानं की शेजारचे विचारायचे आज काय आहे. ती लिहीत असताना संगीता शेजारी मशीनवर बसायची. तिच्या वहीत डोकावायची नाही, काही विचारायची नाही. मशीनचा आवाज चालू असला की प्रज्ञाचं पेन चालू राहायचं, आणि दोरा संपून मशीन थांबली की पेनही थांबायचं. असं का, हे मला आजही माहीत नाही. पण संगीता दोरा आधीच भरून ठेवायला लागली.

आंघोळ मात्र पाऊण तासाच्या खाली येईना. संगीता बाहेर पाटावर बसून विचारायची, "कुठं पोचली गाडी?"

"मानेपर्यंत."

"पुढचा थांबा?"

"पाठ."

"आणि वाटेत कुठं थांबायचं नाही हं."

"मम्मी, इथं एक मुंगी बुडतेय!"

"तिला बाहेर काढ आणि निघ."

हे सगळं गोड वाटतं, पण मी गोड माणूस नाही. सातवीच्या परीक्षेच्या दिवशी मी तोल घालवला. रिक्षा आलेली, हिची कंपासपेटी सापडेना, मी ओरडलो, तोच शब्द, चार वेळा. त्या दिवशी तिनं पेपरात नाव आणि बैठक क्रमांक एवढंच लिहिलं. संध्याकाळी मी न सांगता भांडी घासली. त्यानं पेपर परत मिळत नाही.

सहावीच्या त्या सहामाहीला शाळेनं दाखला दिला नाही. ती वर्गात शेवटून चौथी होती. बाईंनी शेरा लिहिला, ‘काम पूर्ण करते, वेळ लागतो.’ संगीतानं तो शेरा कापून मशीनच्या खणात ठेवला. माझ्या पदवीला पेढे वाटले होते, पण एवढ्या समाधानानं कुणी तेव्हा बघितलं नव्हतं.

अशा लेखांत शेवटी मुलगी कलेक्टर झालेली वाचकांना आवडते. आमची झाली नाही. दहावी झाली, डिप्लोमा झाला, त्याला एक वर्ष जास्त लागलं. आता चितेगावच्या एका कंपनीत आहे. तिथंही ती सगळ्यांत हळू आहे, आणि हळूपणाचा तिथं काही मोठा गुण झालेला नाही. साहेब कुरकुर करतात. ती कंपनीच्या बसच्या दीड तास आधी उठते, कारण तिला दीड तास लागतो हे तिला माहीत आहे. तिची बस आजवर चुकली नाही. ज्याला स्वतःची वेळ माहीत आहे त्याला गाडी सापडते, हे मी छातीठोकपणे सांगतो. तेवढा अधिकार मला आहे.

जानेवारीत संगीता गेली. आजार तीन महिन्यांचा होता, त्याबद्दल लिहिणार नाही.

त्यानंतर मला काय झालं ते लिहितो. मी दूध गॅसवर ठेवायचो आणि बघत उभा राहायचो. दूध वर येताना दिसायचं, उतू जाताना दिसायचं. बघणाऱ्यानं हात पुढं करायचा असतो, हे कुठंतरी राहून जायचं. एक बाही घालून पलंगावर बसायचो. दुकानात गेलो तर दुकानदार विचारायचा, "काय देऊ काका?" आणि मी त्याच्या मागच्या बरण्या वाचत राहायचो. एकदा किल्ली दाराला बाहेरून तशीच ठेवून दिवसभर आत झोपलो. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. फक्त त्यातलं मला सांगितलेलं कोणतं, ते कळत नव्हतं.

संगीताच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या माणसांनी पाठीवर हात ठेवून एकच सांगितलं, "आवरा आता स्वतःला." प्रत्येकानं मायेनं सांगितलं. मी मान हलवायचो आणि विचार करायचो, नक्की काय काय?

मार्चमध्ये एका रविवारी रावसाहेब आला. प्रज्ञाची सुट्टी होती, तिनं चहा ठेवला.

"जयभीम दाजी. तब्येत काय म्हणती?"

मी हसलो असेन बहुतेक.

तो प्रज्ञाकडं वळला. "पोरी, मी काय म्हणतो, दाजींला नेतो पाचोडला. कायमचंच. तू दिवसभर कंपनीत. ह्ये हिथं एकटे. परवा गॅस चालू ठिवला म्हणली व्हतीस ना फोनवर? उद्या काय इपरीत झालं म्हंजे?"

"व्हय मामा, म्हणलं होतं."

"तिथं घर भरलेलं हाय. तुझी मामी हाय, पोरं हायेत. बसतील वट्यावर. हिथं काय ठिवलंय आता?" मग माझ्याकडं, जरा मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलतात तसं, "दाजी, आवरा तुमचं! दुपारच्या गाडीनं निघू."

त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हतं. तो बहिणीच्या नवऱ्याला न्यायला आला होता. आणि मी काही बोललो नसतो, तर गेलो असतो. हे घर, तिच्या मशीनची खिडकी, पुस्तकांची दोन कपाटं, सगळं सोडून दुपारच्या गाडीत बसलो असतो, कारण नाही म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ समोरचा थांबत नाही.

"मामा, पप्पांना विचारलं का?" प्रज्ञा म्हणाली.

"आगं, त्यांला काय इचारायचं? बोलतेत कुठं ते?"

ती माझ्यासमोर खाली बसली. "पप्पा, एकच विचारते. पाचोडला राहायला जायचं का?"

रावसाहेब म्हणाला, "तसं न्हाई पोरी, मी काय म्हण..."

"मामा, थांब जरा."

आणि ती थांबली. माझ्याकडं टक लावून नाही, नुसती शेजारी. मध्ये एकदा उठून तिनं खिडकीचं दार लावलं आणि परत येऊन बसली. रावसाहेबानं दोनदा घसा खाकरला, चहा संपवला, कप खाली ठेवला. माझ्या कपातल्या चहावर साय धरली. मला उत्तर माहीत होतं, ते कुठंतरी लांब उभं होतं आणि तिथपर्यंत मला चालत जावं लागत होतं. एकतीस वर्षांत मी इतका वेळ कुणासाठी गाडी धरली नसेल.

"नाही," मी म्हणालो.

"इथंच?"

"इथंच राहतो."

"झालं मामा," प्रज्ञा म्हणाली. "इथंच राहणार ते."

 रावसाहेब डोळे पुसत उठला. "बरं. तुमच्या मनाला येईल तसं. पर गॅसचं बघा बाबा काहीतरी." त्यानं पिशवी घेतली. "मग मी निघतो. बाराची गाडी धरतो."

"आम्ही येतो ना स्टँडवर सोडायला," प्रज्ञा म्हणाली. जानेवारीपासून मी स्टँडकडं फिरकलो नव्हतो. तिनं माझ्याकडं बघितलं. "पप्पा, चप्पल घाला."

मी उठलो. एक चप्पल पलंगाखाली सापडली. दुसरी दिसेना. मी पलंगाखाली बघितलं, कपाटापाशी बघितलं, मग कपाटातल्या पुस्तकांकडं बघत राहिलो. दारात रावसाहेबानं घड्याळ पाहिलं.

"आगं, चुकंल की गाडी!"

"चुकू दे मामा. मागून दुसरी आहे."

दुसरी चप्पल दाराआड होती. मी ती घातली.